फुटकी काच आणि माझा पेचकस

आमच्या वसतिगृहात सध्या दोन पक्ष आहेत. निवडणुकीशी त्यांचा काही संबंध नाही. पहिला पक्ष म्हणतो, मोबाईलची काच फुटली तर ती आपली आपण बदलावी. बाजारात सामान मिळते, शिकवणारी चित्रफीत फुकट मिळते, मग दुसऱ्याचे खिसे का भरावेत? दुसरा पक्ष म्हणतो, ज्याचे काम त्यानेच करावे. पैसे टाकावेत आणि मोकळे व्हावे. रात्री जेवणानंतर व्हरांड्यात या विषयावर जी खडाजंगी होते ती ऐकली तर आमच्या वादविवाद मंडळाच्या चिटणीसांनाही हेवा वाटेल. मी मात्र या दोन्ही पक्षांत राहून आले आहे, आणि दोन्हीकडे वर्गणी भरून आले आहे. म्हणून चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

हकीकत अशी. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. कापसाची पहिली वेचणी चालू होती. मीही कमरेला ओटी बांधून आईबरोबर तासाला लागले. ओटीत कापूस आणि कापसात मोबाईल, असा माझा शहाणपणा. धुऱ्यावर ओटी रिकामी करताना कापूस गंजीवर पडला आणि मोबाईल दगडावर. उचलून पाहते तो काचेवर कोळ्याने जाळे विणावे तशा रेषा, डावीकडे शाईचा डाग पडावा तसा काळा ठिपका, आणि बोटाला काही दाद नाही. आत फोन जिवंत होता. घंटी वाजत होती, निरोप येत होते. पण वाचता काही येईना.

आता शहरातल्या वाचकाला वाटेल, यात एवढे काय? पण आमच्या घरात स्मार्टफोन म्हणावा असा तो एकच. बाबांचा फोन बटणांचा. त्या वर्षीपासून कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर आधी नोंदणी करावी लागत होती: आधार, सातबारा, पिकाची नोंद, सगळे मोबाईलवरून. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि गावात येणारा व्यापारी देत होता त्याहून पुष्कळच कमी. म्हणजे त्या फुटक्या काचेमागे आमचे वर्षाचे गणित अडकले होते. सिम काढून बाबांच्या फोनात घातले, तेव्हा ओटीपी तरी येऊ लागला. पण ॲप चालवायचे कशावर? शेवटी शेजारच्या काकांचा फोन मागून आणला आणि एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून नोंदणी पार पाडली. काकांनी काही म्हटले नाही, पण त्यांच्या मुलाला क्रिकेट पाहायचे होते आणि तो माझ्याकडे कसा पाहत होता ते मी विसरणार नाही.

सुट्टी संपल्यावर यवतमाळला आले ती थेट त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. कंपनीचे नाव घेत नाही. घेतले तरी सगळ्यांचा अनुभव थोड्याफार फरकाने तोच. थंडगार खोली, क्रमांकाची चिठ्ठी, काउंटरमागे टाय लावलेला मुलगा. त्याने फोन हातात न घेताच सांगितले : ५,१०० रुपये, आठ ते दहा दिवस, आतली माहिती गेल्यास जबाबदारी तुमची, आणि जुना डिस्प्ले परत मिळणार नाही. फोन मी २०२३ मध्ये १२,९९९ रुपयांना घेतला होता. आज विकायला काढला तर त्याचे चार हजार तरी येतील का, याची मला शंका होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आमच्या आजीने कोणत्या प्रसंगी काढली असेल ते ठाऊक नाही, पण ती त्या काउंटरवर लिहून ठेवण्याजोगी आहे.

मग दत्त चौकाकडे जावे आणि एखाद्या टपरीवजा दुकानात फोन टाकावा, हे सरळ होते. एका दुकानात विचारलेही. १,७०० रुपये म्हणाला. तरी मी फोन दिला नाही. याचे कारण मी व्हरांड्यातल्या वादात कधी सांगितले नाही, ते येथे सांगते. पैसे हे अर्धेच कारण. दुकानदाराने विचारले, “ताई, पॅटर्न सांगून ठेवा,” आणि माझ्या पोटात गोळा आला. फोनात माझी दोन वर्षे आहेत. मैत्रिणींचे फोटो आहेत, बहिणीशी केलेले रडणे आहे, कोणाला न दाखवलेल्या कविता आहेत. आमच्या मजल्यावरच्या मुलींना मी नंतर एकेकीला विचारले, तेव्हा स्वतः काच बदलू पाहणाऱ्या बहुतेकींच्या मनात हीच भीती निघाली. मुलांच्या वसतिगृहात स्वावलंबनाच्या गोष्टी चालत असतील; आमच्याकडे त्या स्वावलंबनाच्या पोटी भीती आहे. हा फरक कोणी लक्षात घेत नाही.

तर १,४५० रुपयांचा संच मी मागवला. त्यात नवा डिस्प्ले, बारीक पेचकस, काच ओढून धरणारी रबराची वाटी, गिटार वाजवायच्या नखीसारखे प्लॅस्टिकचे तुकडे आणि गोंदाची नळी. चित्रफितीतला माणूस हे काम अकरा मिनिटांत करतो. दूरचित्रवाणीवर पाककृती दाखवणाऱ्या बाईंच्या पुढ्यात जसा कांदा आधीच चिरलेला, कणीक आधीच मळलेली असते, तसाच हा प्रकार. माझा कांदा चिरलेला नव्हता. खोलीतल्या मैत्रिणीचे केस वाळवायचे यंत्र घेऊन मी काचेच्या कडा तापवल्या. या तापवण्याच्या जागेपासून दोन बोटांवर लिथियमची बॅटरी असते. ती भोसकली गेली किंवा फार तापली तर आतल्या आत पेटते आणि विझवायला अवघड जाते, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. रेक्टर मॅडमना अजूनही माहीत नाही. पाठीचे झाकण सुटले तेव्हा मी विजयाने ओरडले. पण त्याच झटक्यात बाजूच्या बटणाची केसासारखी पातळ पट्टी फाटली होती. स्क्रू तेरा निघाले. ते सगळे मी एका झाकणात ठेवले, आणि तेथेच चुकले. त्यांत काही लांब होते, काही आखूड. शेवटी दोन उरले. नवा डिस्प्ले लागला, उजेड आला, टाळ्या पडल्या. आणि पाच मिनिटांत फोन आपला आपण चालू लागला. अक्षरे आपोआप उमटत, नंबर आपोआप फिरत. मध्यरात्री त्याने आमच्या इतिहासाच्या सरांना फोन लावला. सरांनी उचलला नाही, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात मुकाट्याने गेले. दुकानदाराने फोन उलटा करून पाहिला आणि हसला. “ताई, हे घरीच खोललं न तुमी?” मी मान हलवली. “खोलणं कोनालेही येते. कोनती पट्टी कुठून कुठं गेली, थे पायलं पायजे.” मग त्याने दाखवले. डिस्प्लेची पट्टी मी बसवताना चुरगळली होती, त्यामुळे नवा डिस्प्ले कामातून गेला. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू अजून एक फेरा फिरला असता तर तो खालच्या पाटीत घुसला असता आणि मग फोनच संपला असता. मी धीर करून म्हटले, मी येथे बसून पाहू का? “बसा न. लपवाले काय हाय त्याच्यात?” त्याने स्टूल पुढे सरकवले.

दीड तास मी त्या स्टुलावर बसले, आणि खरे सांगायचे तर या वर्षातल्या कित्येक तासिकांपेक्षा मला तेथे अधिक कळले. दुकानाच्या भाषेत डिस्प्लेला ‘फोल्डर’ म्हणतात, कोणी ‘कॉम्बो’ म्हणतात. हा कॉम्बो म्हणजे तीन थर एकमेकांना चिकटवलेले : वर काच, तिच्याखाली बोट ओळखणारा थर, आणि त्याखाली चित्र दाखवणारा. जुन्या फोनांत हे थर सुटे असत. वरचा फुटला तर वरचा बदलावा. आता ते पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. फुटते बहुधा नुसती वरची काच, पण बदलावा लागतो सगळा संच. नुसती काच वेगळी करण्याची यंत्रे असतात. तापलेल्या पाटावर फोन ठेवून बारीक तारेने काच कापून काढायची, मग हवा काढून घेणाऱ्या पेटीत नवी चिकटवायची. ते मोठ्या शहरांत चालते. म्हणूनच फुटका पण आतून चालू असलेला अस्सल डिस्प्ले विकत घेणारे व्यापारी आहेत. सेवा केंद्रातला तो मुलगा “जुना परत मिळणार नाही” का म्हणाला असेल, याचा मी तेव्हा विचार करू लागले.

त्याने फोल्डर बसवला, कडांना गोंद लावला, चार रबरबँड आवळून फोन बाजूला ठेवला. पॅटर्न मीच माझ्या हाताने काढला. त्याने फक्त बोट चालते का ते पाहिले. फोल्डरचे १,७००, पट्टीचे २५०. म्हणजे एकूण मला पडले ३,४००. पहिल्याच दिवशी त्याच्याकडे दिला असता तर १,७०० तच भागले असते. माझ्या स्वावलंबनाची किंमत काढायला गणिताचे प्राध्यापक नकोत.

तेव्हा मी दुसऱ्या पक्षात गेले का? गेले, पण पूर्ण नाही.

स्वतः काच बदलू नये असे माझे आता मत आहे. चार्जिंगचे भोक काडीने हलके साफ करावे, वरचा गार्ड स्वतः लावावा, सिमची पाटी काढावी; तेथे थांबावे. परंतु ‘आपण करू नये’ आणि ‘आपल्याला करता येऊ नये’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मी शिकून ठरवली. दुसरी कोणीतरी आधीच माझ्यासाठी ठरवून ठेवली होती, आणि माझा राग त्या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

आपला जिल्हा सेवाग्रामच्या शेजारचा, म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. १९२९ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्राची किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, ते झोपडीत चालावे, बाईला न थकता आठ तास चालवता यावे, वीस वर्षे टिकावे, अशा अटी होत्या. आणि त्यांत एक अट अशी होती की, सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. अटी कठीण होत्या, हे खरे. पण यंत्र बनवणाऱ्याने ते मोडल्यावर काय, याचा विचार आधीच केला पाहिजे, हे त्या काळी कोणीतरी लेखी मागितले होते. माझ्या फोनाच्या एका काचेला कंपनी मागते ते किमतीच्या शेकडा एकोणचाळीस.

यावर कोणी म्हणेल, चरखा आणि मोबाईल यांची तुलना कसली? हे म्हणणे मी उडवून लावणार नाही. फोन बारीक हवा, पाणी आत जाऊ नये, चित्र काचेवरच असल्यासारखे दिसावे, हे सगळे आपणच मागितले. गोंद त्यासाठी आला. ज्या फोनाचे पोट सहज उघडते तो जाड असतो आणि दुकानात तो आपण उचलत नाही. कंपन्यांच्या या म्हणण्यात तथ्य आहे. पण सुटा भाग वाजवी किमतीत कोणालाही विकत द्यावा, फोन कसा उघडायचा त्याचे पुस्तक द्यावे, यात जाडीचा प्रश्न येतोच कोठे? युरोपच्या देशांत २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे, की नव्या स्मार्टफोनचा डिस्प्ले, बॅटरी असे भाग त्या फोनाची विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. आणि डिस्प्ले तर कारागिरालाच नव्हे, सामान्य गिऱ्हाइकालाही मिळाला पाहिजे. तेच फोन, त्याच कंपन्या. तेथे जमते ते येथे का जमू नये? आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ उघडले. पुढे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण तिच्या खोक्यावर छापावेत अशी कल्पना निघाली आणि त्या कल्पनेसाठी वेगळ्या नेमलेल्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. समित्यांचे मला वावडे नाही. पण दत्त चौकातल्या त्या दुकानात अजून फोल्डर येतो तो नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने, आणि तो अस्सल की नक्कल हे सांगण्याची सोय ना दुकानदाराला ना मला. नकली फोल्डरचा उजेड फिका असतो, बॅटरी जास्त खातो, रंग निळसर दिसतात. माझा सध्या निळसरच दिसतो.

आमचे आजोबा-पणजोबा सगळे स्वतः दुरुस्त करीत, असे व्याख्यानांत ऐकतो. मला ते पटत नाही. माझ्या आजोबांनी डवऱ्याची फास कधी स्वतः ठोकली नाही. ती गावच्या लोहाराकडे जाई. वखराचे लाकूड सुताराकडे जाई. आपल्या शकुंतला रेल्वेचे ते मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर धावले, ते काही प्रवाशांनी पेचकस चालवून नव्हे. दुरुस्ती हे नेहमीच कसबी माणसाचे काम होते. फरक एवढाच की लोहाराचा भाता उघड्यावर असे. फास तापताना आजोबा समोर उकिडवे बसून पाहत आणि नको तेथे नाकही खुपसत. आणि दुसराही एक फरक सांगितला पाहिजे, कारण जुन्या काळाचे कौतुक करताना तो गाळला जातो : त्या लोहाराला आपण सुगीला पायलीभर ज्वारी दिली, पण मान दिला नाही. आज टाय लावून फोन आत पाठवणाऱ्या मुलाला आपण ‘सर’ म्हणतो आणि प्रत्यक्ष पेचकस चालवणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो. मीही घातली. १,७०० चे १,६०० कर म्हणाले होते. त्याने केले नाहीत, बरे झाले.

म्हणून मला तिसरीच बाजू घ्यावीशी वाटते. फोन कारागिराने उघडावा, पण माझ्या डोळ्यांसमोर. बंद दाराआड जाणाऱ्या फोनापेक्षा टपरीतले स्टूल मला अधिक सुरक्षित वाटते. पॅटर्न कोणालाही सांगू नये. लागेल तेव्हा आपण काढून द्यावा. काही नव्या फोनांत दुरुस्तीपुरते आपले फोटो आणि निरोप झाकून ठेवण्याची सोय असते, ती आधी शोधावी. जुना डिस्प्ले परत मागावा. आणि मुलींनो, या दुकानांत काउंटरच्या पलीकडे बसलेली बाई मी यवतमाळात अजून पाहिलेली नाही. आय. टी. आय. च्या अभ्यासक्रमांत ‘स्मार्टफोन टेक्निशियन कम ॲप टेस्टर’ नावाचा सहा महिन्यांचा व्यवसाय आहे. आमच्यापैकी एखादीने बी. ए. नंतर तो केला आणि दत्त चौकात दुकान टाकले, तर आमच्या मजल्यावरची सगळी गिऱ्हाइके तिला पहिल्याच आठवड्यात मिळतील. मी स्वतः करणार का, असे मैत्रीण विचारते. माझ्या हाताने दोन स्क्रू उरवले आहेत, त्या हातावर कोणी विश्वास ठेवावा?

महिनाअखेर घरी गेले तेव्हा बाबांनी फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. नव्या काचेवरून अंगठा फिरवला. “मंग, कितीले पडला?” मी म्हटले, सतराशे. बाबा म्हणाले, ठीक हाय. उरलेल्या सतराशेंचे मी बोलले नाही. आमच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक दर वर्षी घरी नेते, आणि बाबा तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात.